बलविंदर नंबूद्रीला निरोप कोणी दिला?

१

शनिवारी सकाळी बायडाबाई दोन्ही गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून बसल्या होत्या, तेवढ्यात आणे गावाहून त्यांच्या चुलतभावाचा, हौशीरामचा, फोन आला.

“बायडे, बल्लू गेला.”

बायडाबाईंनी डोळे मिटले. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या तरी माणसं अजून पहिला फोन त्यांनाच करायची, आणि त्यांना त्याचा मनापासून कंटाळा आला होता. भावकीतला बल्लू कोण, हे काही आठवेना. “कधी गेला? अन् न्यायचा कधी?” त्यांनी विचारलं.

“न्यायचा कुठला? नेला की त्याला. लिथुआनियाच्या टीमनं नेला.”

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हा बल्लू म्हणजे बलविंदर नंबूद्री. वय अठरा, उंची सात फूट, आणि पृथ्वीच्या पाठीवर घर कुठंही नाही. इंटरनेटवर बास्केटबॉलचा एक खेळ आहे. त्यात आपण मैदानात उतरायचं नसतं, नुसता संघ सांभाळायचा असतो. खेळाडू कॉम्प्युटर जन्माला घालतो आणि देशभरातली नावं-आडनावं हाताला लागतील तशी त्यांना चिकटवतो. हौशीराम आणि जुन्नरचे बांगड्यांचे व्यापारी मेहबूबभाई शाळेत एकाच रिंगवर चेंडू टाकून मोठे झालेले. साठी उलटल्यावर दोघंही या नादाला लागले होते. संघाचं नाव ‘जुन्नर बिबटे’. खातं एक, पासवर्ड एक आणि मालक दोन.

बल्लू हाती लागला आणि पोरगं गुणी आहे हे दोघांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्याचं पासिंग वाढावं म्हणून एवढा ताडमाड पोरगा त्यांनी बुटक्यांच्या जागेवर, चेंडू पुढं आणायला, खेळवला. त्यापायी अख्खा सीझन मार खाल्ला. मग उडी वाढवली, मग लांबून टाकायची फेक. आता भारताच्या तरुणांच्या संघात त्याची निवड होणार, अशी खेळातली सगळी मंडळी म्हणू लागली होती. शुक्रवारी त्याचा करार संपत होता. एक बटण दाबलं की करार पुढं चालू राहिला असता. कुणीतरी त्याच्या शेजारचं बटण दाबून बल्लूला मुक्त केलं होतं, आणि मुक्त केलेला खेळाडू जगातला कुणीही उचलून नेतो.

“मेहबूबनंच केलं,” हौशीराम म्हणाला. “मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात व्हतो. काय करायचं त्याचा निरोप दिला व्हता, तरी उलटं केलं त्यानं.”

“मग त्याला विचार की.”

“मी न्हाई बोलायचा त्याच्याशी. अन् उद्या सकाळी तो टेंपो भरून पुण्याला चाललाय, पोराकडं. कायमचा.” हौशीरामचा आवाज चिरकला. “जातो तर जाऊ दे.”

बायडाबाईंनी पिशव्या बाजूला केल्या आणि चपला शोधू लागल्या. ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्या माणसाला काय हवं असतं, हे चौकीत बसून त्यांना चांगलं कळलं होतं.

२

आण्याच्या पठारावर ऊन चांगलंच तापलं होतं. हौशीराम डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खाटेवर पडला होता आणि सून अश्विनी दुसऱ्या डोळ्यात औषध घालत होती.

“फोन कुणाकडं व्हता?” बायडाबाईंनी विचारलं.

“माझ्याकडं, आत्या. गुरुवारी रात्री दवाखान्यात यांच्याकडनं काढून घेतला तेव्हापासून,” अश्विनी म्हणाली. “डॉक्टर म्हणतात स्क्रीनकडं बघायचं न्हाई, अन् हे ड्रॉप घालताना पण बल्लूचंच विचारत्यात. तुमच्यापासून काय लपवायचं? गेला तर बरंच झालं.”

“पासवर्ड ठाऊक हाय तुला?”

“सगळ्या घराला हाय. झोपेत पण बडबडत्यात.”

हौशीराम उशीवरून उठायला लागला, तसं अश्विनीनं त्याला दाबून परत निजवलं. बायडाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. पोरीकडं कारण होतं, फोन होता, पासवर्ड होता. जुन्या साहेबांनी एवढ्यावर पंचनामा उरकला असता.

“मी न्हाई दाबलं,” अश्विनी शांतपणे म्हणाली. “मला दाबायचंच असतं तर अख्खा खेळ काढून टाकला असता ना. एकट्या बल्लूनं माझं काय घोडं मारलंय?”

हे बायडाबाईंना पटलं. “मेहबूबभाईंशी भांडण झालं व्हतं का तुझं?” त्यांनी भावाला विचारलं.

“मंगळवारी वाजलं जरा. तो म्हणतोय, पोराला आता त्याच्या जागेवर खेळू दे, रिंगखाली. मी म्हणतोय, अजून महिनाभर पासिंग. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं? तो फोन ठेवून मोकळा झाला.”

“अन् मग?”

“मग काय, ऑपरेशन आलं.”

तोवर अश्विनी फोनमध्ये संघाचं पान चाळत होती. ती मध्येच थांबली. “आत्या, खेळाडूला सोडताना खाली एक जागा असती. दोन शब्द लिहायला. लिहिलं न्हाई तरी चालतं, कुणी लिहितच न्हाई. पण इथं लिहिलंय.”

“वाच.”

अश्विनीचा आवाज उगाच खाली आला.

“जा बेटा. नीट खेळ.”

३

जुन्नरच्या एसटीत खिडकीला टेकून बायडाबाई त्या चार शब्दांचा विचार करत होत्या. ‘बेटा’ म्हणून काही कुणाला पकडता येत नव्हतं. टीव्हीच्या कृपेनं आता आण्याच्या बायासुद्धा शेळीला बेटा म्हणतात. पण दुस्वासानं घर जाळणारा माणूस निघताना उंबऱ्याला हात लावून पाया पडत नाही. ज्यानं बल्लूला सोडलं, त्याला तो सोडायचा नव्हता.

मेहबूबभाईंच्या दारात टेंपो उभा होता आणि त्यांचा मुलगा अनस खोकी चढवत होता. अनस पुण्यात मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, तरी चेहऱ्यावर समाधान होतं.

“किती वर्षं मागं लागलोय, बाई,” तो म्हणाला. “अम्मीला दम लागतो, अब्बांचं गुडघं गेल्यात. दर ईदला विचारायचं, अन् अब्बा म्हणायचे, हौशीरामला विचारून सांगतो. हौशीराम काय, मी मरेपर्यंत हो म्हणणार व्हता का?”

“मग आता कसं काय जमलं?”

“शुक्रवारी नमाजहून आले अन् आपण होऊन म्हणाले, चल, येतो.”

बल्लू गेला त्याच दुपारी. बायडाबाई टेंपोच्या फळीला टेकल्या. बल्लू नसला की जुन्नरला धरून ठेवणारं मेहबूबभाईंना काही उरत नव्हतं, आणि त्यात फायदा सरळ या पोराचा होता.

“तो खेळ फोनमध्ये कुणी घालून दिला दोघांच्या?”

“मीच. पासवर्ड पण माझाच, माझ्या वाढदिवसाची तारीख हाय.” अनसला लपवाछपवी माहीतच नसावी.

“बल्लूला सोडताना लिहिलंस ते चांगलं लिहिलंस हो,” बायडाबाई सहज म्हणाल्या.

“लिहिलं? कुठं?” अनस खोकं घेऊन तसाच उभा राहिला. “अन् सोडला? बल्लूला? कुणी सोडला?”

बायडाबाईंनी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. असलं तोंड नाटकातल्या माणसालाही करता आलं नसतं. अनसनं खोकं खाली ठेवलं.

“तरीच,” तो म्हणाला. “मी म्हणालो, अब्बा, पुण्यातनं पण खेळता येतं, फोनच तर हाय. तर त्यांनी माझ्यासमोर फोनातनं तो खेळच काढून टाकला.”

४

दुकानात निम्मी फळी रिकामी झाली होती. मेहबूबभाई गल्ल्यामागं पाठ करून बसले होते. त्यांच्या बायकोनं, हाजराबींनी, बायडाबाईंना ओढूनच पाटावर बसवलं.

“आता जाताना रिकाम्या हातानं नका जाऊ, बाई. शेवटच्या बांगड्या भरून जा.”

हाजराबींनी त्यांचा हात दाबून दाबून मऊ केला आणि हिरव्या बांगड्या चढवू लागल्या. बायडाबाईंचा हात पोलिसाचा, हाडंही तशीच. एक बांगडी कट्कन तुटली.

“वाढली,” हाजराबी म्हणाल्या, काचा बाजूला सारल्या आणि दुसरी घेतली. “गावच सुटलं बघा आमचं. मला काय न्हाई, मी कुठं बी राहीन. पण हे शुक्रवारपासून जेवले न्हाईत नीट.”

बायडाबाई गल्ल्याकडं वळल्या. “मेहबूबभाई, बल्लूला तुमी सोडलंत?”

“हो.” त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

एवढ्या लवकर कबुली मिळाली की बायडाबाईंना नेहमीच थकवा यायचा. कबुलीनंतरच खरं काम सुरू होतं. “का सोडलंत?”

“ते मला नका विचारू. ज्यानं सांगितलं त्याला विचारा.”

“कुणी सांगितलं?”

आता मेहबूबभाई वळले. डोळे लाल झाले होते. “तुमच्या भावानं. मी त्या पोराला चालायला शिकवलं, बाई. अन् त्यानं सांगितलं, बंद कर. मंगळवारच्या भांडणाचा एवढा राग? ठीक हाय म्हणलं. बंद.”

५

स्टँडवरच्या बाकावरून बायडाबाईंनी आण्याला फोन लावला.

“मी? मी बंद कर म्हणालो?” हौशीराम इतक्या जोरात ओरडला की बायडाबाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. “आईची आण, बायडे! मी त्याच्या उलट सांगितलं व्हतं. करार चालू ठेव, हेच सांगितलं. खोटं बोलतोय तो!”

बायडाबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. नारायणगावची गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली, त्या बसूनच राहिल्या. दमल्या होत्या. पण दमलेल्या माणसाचं डोकं कधीकधी बरं चालतं, नुसती धावाधाव बंद होते म्हणून.

खोटं कोण बोलत होतं? मेहबूबभाई बोलत असते तर त्यांनी ते चार शब्द लिहिले नसते, जेवण सोडलं नसतं आणि गुन्हा पहिल्याच प्रश्नाला कबूलही केला नसता. हौशीराम बोलत असता तर त्यानं बहिणीला बोलावून शोध लावायला सांगितलं नसतं. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. एकानं सांगितलं चालू ठेव, आणि दुसऱ्यानं ऐकलं बंद कर. मधल्या वाटेत कुठंतरी त्याचं उलटं झालं होतं.

मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. ‘निरोप दिला,’ असं हौशीराम पहिल्या फोनपासून म्हणत होता. निरोप माणूस समोरच्याला देत नाही, तिसऱ्याकडं देतो. एवढी वर्षं लोकांचे जबाब घेतले आणि हा साधा प्रश्न विचारायचा राहिला. त्यांनी पुन्हा फोन लावला.

“दादा, गुरुवारी बोललास कुणाशी? मेहबूबभाईंशी?”

“न्हाई. तो बाहेर गेला व्हता, फोन दुकानात ठेवून. भाबींनी उचलला.”

“अन् त्यांना काय म्हणालास? जसं म्हणालास तसंच सांग, शब्दाला शब्द.”

हौशीरामनं आठवून आठवून सांगितलं. बायडाबाई ऐकत असताना मनगटातल्या नव्या बांगड्या उगाच फिरवत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

“उद्या सकाळी ये जुन्नरला,” त्या म्हणाल्या. “पट्टी असू दे डोळ्याला. टेंपो सुटायच्या आत ये.”

६

रविवारी सकाळी टेंपोवर ताडपत्री चढली होती आणि दोरीही बांधून झाली होती. अश्विनीनं सासऱ्याला भाड्याच्या जीपमधून हात धरून उतरवलं. हौशीराम काळा चष्मा लावून दुकानाच्या एका बाजूला उभा राहिला, मेहबूबभाई दुसऱ्या बाजूला. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

“लवकर उरकते,” बायडाबाई रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाल्या. “उभं राहवत न्हाई मला. भाबी, गुरुवारी तुमी फोन घेतला तेव्हा काय करत व्हता?”

“दुकान आवरत व्हते,” हाजराबी म्हणाल्या. त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या होत्या. “लाइट घालवायची राहिली व्हती.”

“अन् हौशीरामदादा काय म्हणाले?”

“म्हणाले, भाबी, मी दमलोय आता. डोळ्यांनी दमवलंय. मेहबूबला म्हणावं, उद्या बल्लूचं तेवढं वाढवून टाक.”

“बरोबर!” हौशीराम म्हणाला. “वाढवून टाक! करार वाढवून टाक. हेच तर मी सांगतोय कालपासून!”

“थांब जरा, दादा. भाबी, वाढवून टाक म्हणजे काय करायचं?”

हाजराबींनी या प्रश्नाचं नवल केलं. “म्हणजे बंद करायचं. दुसरं काय? संध्याकाळी आमी दुकान वाढवतो. बांगडी तुटली तर वाढली म्हणतो. तुमी लोक नारळ वाढवता. चांगल्या वस्तूला तुटली, बंद झाली म्हणत न्हाईत, म्हणून वाढवायची. भाऊंना बल्लू लाडका, म्हणून त्यांनी तसा शब्द घेतला असं वाटलं मला.”

“मग तुमी मेहबूबभाईंना काय सांगितलं?”

“आमी घरात हिंदीत बोलतो. मी म्हणाले, हौशीरामभाऊ थक गए बोले, बल्लू का बंद कर डालो.” हाजराबींचा हात तोंडाकडं गेला. “सरळच सांगितलं. खेळातला पोरगा तो, बांगडी थोडीच व्हती...”

मेहबूबभाईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. ते स्वतः फोनवर असते तर एका क्षणात उमगलं असतं. दोघं रोज तोच शब्द पन्नासदा वापरत. पासिंग वाढव, उडी वाढव, करार वाढव. पण हाजराबींनी त्या शब्दातलं त्यांच्या धंद्याचं तेवढं उचललं, बाकीचं त्यांना माहीतच नव्हतं, आणि पुढं सांगताना तर शब्दही बदलला.

“गुन्हा कुणाचाच न्हाई,” बायडाबाई म्हणाल्या. “असली केस लिहून घ्यायला कागद बी वाया जातो. पण एक राहिलं, मेहबूबभाई. तुमी एकदा फोन का न्हाई केला? एवढा जीव व्हता पोरावर.”

मेहबूबभाईंनी रिकाम्या फळ्यांकडं पाहिलं. “खरं सांगू? हिनं सांगितलं तेव्हा लई वाईट वाटलं. अन् मागनं जरा हलकं पण वाटलं. रोज ती ट्रेनिंग, रोज ते भांडण, अन् अनस तिकडनं ओढतोय पुण्याला. दमलो व्हतो मी बी. फोन केला असता अन् हा म्हणाला असता, चालू ठेव, तर परत सगळं ओढत न्यायला लागलं असतं. म्हणून न्हाई केला.” “बटण दाबल्यावर मग कळलं मी काय केलं ते.”

हौशीरामनं काळा चष्मा काढला. पट्टीखालून पाणी येत होतं. ऑपरेशनचं असेल किंवा नसेलही. हा माणूस आता चिडणार, असं बायडाबाईंना वाटलं. तो चिडला नाही. राग करायलाही अंगात जोर लागतो, आणि तो दोघांपैकी कुणाकडंच उरलेला दिसत नव्हता. बायडाबाईंना दोघांची फार माया आली.

“पुढचं गिऱ्हाईक थांबलंय पुण्यात, ऊन व्हायच्या आत निघू,” ड्रायव्हर म्हणाला. अनस मान खाली घालून उभा होता.

हौशीराम बहिणीकडं वळला. “बायडे, त्याला म्हणावं...”

“मी न्हाई कुणाला काय म्हणायची,” बायडाबाई फाडकन म्हणाल्या. “एक निरोप दिलास, त्याचं काय झालं बघितलंस ना? जे काय असंल ते तुझ्या तोंडानं सांग. अन् एकच अर्थ असंल असा शब्द घे.”

हौशीराम दोन पावलं पुढं गेला. पट्टीमुळं त्याला अंतर नीट कळत नव्हतं, तो मेहबूबभाईंच्या अगदी जवळ जाऊन थांबला. शब्द शोधायला त्याला बराच वेळ लागला.

“राहा,” तो म्हणाला.

“काय?”

“राहा म्हणतोय. जाऊ नको.”

“परत बोल.”

“अरे, राहा की! किती येळा सांगू?”

“अब्बा, ऐकू येत न्हाई का?” अनस कावून म्हणाला.

“येतंय त्यांना,” हाजराबी म्हणाल्या आणि एका हातानं दार धरून टेंपोतून खाली उतरल्या. “पहिल्यांदाच आलंय.” मग त्यांनी ड्रायव्हरला बजावलं, की काचेची खोकी तळाला आहेत, ती शेवटी काढायची आणि आपटायची नाहीत. अनसनं एकदा बापाकडं पाहिलं, आणि तो पुढं होऊन दोरीची गाठ सोडू लागला.